रक्तांतील एका प्रथिनाची पारख

घरांत कोणी तापानें आजारी पडलें कीं डॉक्टर रक्त तपासून घ्यावयास सांगतात. तपासणीच्या कागदावर पुष्कळदां ‘सीआरपी’ अशीं तीन अक्षरें व त्यांपुढें एक आंकडा असतो. तो मोठा दिसला कीं घरांतील मंडळी धास्तावतात. लहान असला तर त्यांस हायसें वाटतें. परंतु हा आंकडा येतो कोठून आणि त्यावर विश्वास कितपत ठेवावा, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो विषय आज वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

सन १९३० मध्यें न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयांत विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस हे दोन डॉक्टर न्यूमोनियाच्या रोग्यांचें रक्त तपासीत होते. या रोगाच्या जंतूंपासून काढलेला ‘सी’ नांवाचा अंश रोग्याच्या रक्तजलांत मिसळला असतां साका खालीं बसे. रोगी बरा झाल्यावर मात्र तो बसत नसे. रक्तांतील जें द्रव्य या ‘सी’शीं संयोग पावे त्यास पुढें ‘सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन’ हें नांव पडलें. हें प्रथिन यकृतांत तयार होतें, आणि शरीरांत कोठें दाह अथवा जंतुसंसर्ग झाला कीं एकदोन दिवसांतच शेंकडों पटींनीं वाढूं शकतें.

पण रक्तद्रवांत प्रथिनें शेंकडों. त्यांतून हें एकच कसें ओळखावें? १९४१ सालीं त्याच संस्थेंतील कॉलिन मॅक्लिऑड व ऑस्वल्ड एव्हरी यांनीं हें प्रथिन शक्य तितकें शुद्ध करून सशांस टोंचलें. सशाचें शरीर त्यास परकें समजतें आणि त्याशीं जुळणारीं प्रतिपिंडें निर्माण करतें. भरल्या लग्नमंडपांतून आई आपलें मूल जसें अचूक हुडकून काढते, तसेंच हें प्रतिपिंड आपलें प्रथिन हुडकतें. आजच्या प्रयोगशाळेंतही तत्त्व तेंच आहे. अतिसूक्ष्म गोळ्यांवर प्रतिपिंडें बसवितात व त्यांत रोग्याचें रक्तजल घालतात. प्रथिन असेल तर गोळ्या एकमेकींस चिकटून द्रव गढूळ होतो. तो किती गढूळ झाला हें प्रकाशाच्या साह्यानें मोजून आंकडा काढतात.

एका सशाचें रक्तजल केव्हां तरी संपतें, आणि दुसऱ्याचें हुबेहूब तसेंच असेल याची शाश्वति नसते. या अडचणीवर १९७५ सालीं केंब्रिज येथें जॉर्जेस कोहलर व सेझार मिल्स्टाइन यांनीं उपाय काढला. प्रतिपिंड निर्माण करणारी उंदराची पेशी व अखंड वाढणारी कर्कपेशी यांचा संयोग करून एकाच जातीचें प्रतिपिंड हवें तितकें मिळविण्याची रीत त्यांनीं दाखविली. १९८४ सालीं नील्स येर्ने यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. एव्हरींच्या काळीं हें प्रथिन निरोगी रक्तांत नसतें असें मानीत. पुढें अधिक सूक्ष्म कसोट्या निघाल्या, तेव्हां तें निरोगी माणसाच्या रक्तांतही अल्प प्रमाणांत असतें असें आढळलें. म्हणजे पूर्वींच्या ‘नाहीं’चा अर्थ ‘आमच्या साधनास दिसत नाहीं’ एवढाच होता. उलट, प्रतिपिंड भलत्याच प्रथिनास चिकटलें तर नसलेलें आहे असें भासतें. यास्तव नवें प्रतिपिंड वापरण्यापूर्वीं, ज्यांत तें प्रथिन निश्चित आहे व ज्यांत निश्चित नाहीं, अशा दोन्ही नमुन्यांवर त्याची परीक्षा घ्यावी लागते.

शिवाय प्रतिपिंड निर्दोष असलें तरी तें एवढेंच सांगतें कीं हें प्रथिन इतकें आहे. दाह कोठें व कशामुळें झाला, न्यूमोनियामुळें, संधिवातामुळें कीं शस्त्रक्रियेच्या जखमेमुळें, हें सांगणें त्याच्या आवांक्याबाहेरचें आहे. म्हणून आंकडा मोठा दिसतांच घरच्या घरीं अँटिबायोटिक औषधें सुरू करणें, किंवा आंकडा लहान म्हणून आजाऱ्याच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करणें, हीं दोन्हीं सारखींच घातक होत. कागद डॉक्टरांपुढें ठेवावा, आजाराची हकिकत सविस्तर सांगावी, आणि मागील तपासणीचा कागदही आठवणीनें सोबत न्यावा. कारण एकट्या आंकड्यापेक्षां तो चढत आहे कीं उतरत आहे, यावरून डॉक्टरांस अधिक कळतें.