आरमार, कासव आणि किनाऱ्याची संमती

मालवणच्या उत्तरेस गड नदीची कालावल खाडी समुद्राला मिळण्यापूर्वी काही अंतर किनाऱ्याला समांतर वाहते, आणि त्यामुळे तोंडवली-तळाशीलच्या बाजूला एकीकडे खाडी व दुसरीकडे अरबी समुद्र अशी वाळूची चिंचोळी पट्टी तयार झाली आहे. या किनाऱ्यावर सुरूची बने आहेत, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे, ओढणारी माणसे आहेत, पावसाळ्यात समुद्राने कापून नेलेली जमीन आहे आणि हिवाळ्याच्या रात्री अंडी घालण्यासाठी येणारी ऑलिव्ह रिडले जातीची कासवे आहेत. नौदलाचा तळ येथे नाही. तरीही समुद्राच्या संवर्धनासाठी लष्करी आणि नागरी यंत्रणांनी एकत्र काम करावे, हा जो विचार गेल्या काही दशकांत जगभर रुजला, त्याची ताकद आणि त्यातील उणीव या दोन्ही गोष्टी समजून घेण्यास हा किनारा उपयोगी पडतो, कारण दूरवर गस्त घालणाऱ्या जहाजाचे काम कोठे संपते आणि वाळूत उभ्या असलेल्या माणसाचे काम कोठे सुरू होते, हे येथे स्पष्ट दिसते. अशा भागीदारीची चर्चा बहुधा दोनच पक्षांची असते: एका बाजूला गणवेशातील दल, दुसऱ्या बाजूला शासकीय खाते किंवा संशोधन संस्था. किनाऱ्यावर राहणारा मच्छीमार हा तिसरा पक्ष या चर्चेत उशिरा येतो, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील अनुभव पाहता योजना टिकते की बारगळते हे बरेचसे त्याच्याच संमतीवर ठरते.

संमतीचा हा प्रश्न कोकणाला नवा नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ मध्ये झाली आणि त्यानंतरच्या अर्धशतकात मराठ्यांचे आरमार या किनाऱ्यावरील मोठी सत्ता बनले. परंतु आरमाराला लाकूड लागते आणि लाकूड रयतेच्या बागांत व रानात उभे असते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या राजनीतीवरील ग्रंथात, आरमाराच्या प्रकरणामध्ये याविषयी स्पष्ट सूचना आहेत. आंबा, फणस ही झाडे जहाजबांधणीच्या कामाची असली तरी रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे अनेक वर्षे वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन तोडावे, जबरदस्ती करू नये, असा त्यांचा आशय आहे. आरमाराची गरज, निसर्गाची मर्यादा आणि स्थानिकांचा हक्क या तीन गोष्टी एकाच परिच्छेदात मांडणारा हा दस्तऐवज आजच्या सागरी संवर्धनाच्या करारांपेक्षा पुढचा वाटावा, इतका नेमका आहे.

स्वतंत्र भारतात समुद्री पर्यावरणाची जबाबदारी सशस्त्र दलाकडे आली ती तटरक्षक दलाच्या रूपाने. के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली १९७४ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून हे दल उभे राहिले. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्याची अंतरिम स्थापना झाली आणि १९७८ च्या तटरक्षक अधिनियमाने त्याला कायद्याचा आधार मिळाला. या अधिनियमाच्या चौदाव्या कलमात मच्छीमारांना संरक्षण व संकटकाळी मदत देणे आणि सागरी पर्यावरणाचे जतन करून प्रदूषण रोखणे ही दोन्ही कर्तव्ये शेजारी शेजारी नोंदवलेली आहेत. १९८६ मध्ये समुद्रातील तेलगळतीला तोंड देण्याचे काम या दलाकडे आले आणि १९९६ मध्ये राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा लागू झाला, ज्यात तटरक्षक दल ही मध्यवर्ती समन्वय यंत्रणा ठरली.

याच आराखड्यात एक रेषा आखलेली आहे. पाण्यावरचे तेल आवरणे हे तटरक्षक दलाचे काम आणि किनाऱ्याला लागलेले तेल साफ करणे हे त्या त्या राज्याचे काम. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलीजिया-३ या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल समुद्रात सांडले, तेव्हा तरंगते तेल आवरण्याची साधने घेऊन जहाजे धावली, पण खाडीतील तिवरांच्या मुळांवर बसलेला काळा थर हा निराळाच आणि कितीतरी चिवट प्रश्न ठरला. कोकण आणि गोव्याच्या वाळूवर पावसाळ्याच्या तोंडावर येणारे डांबरगोळे, म्हणजे समुद्रात टाकलेल्या किंवा गळलेल्या तेलाचे लाटांनी घट्ट केलेले गोळे, हे तर कोणत्याही एका अपघाताचे नसतात. त्यांचा मूळ जहाजमालक बहुधा सापडत नाही आणि ते उचलण्याचे काम अखेर ग्रामपंचायत, शाळेतील मुले आणि पर्यटनावर पोट असलेली घरे यांच्याकडे येते. राष्ट्रीय छात्र सेनेने डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केलेले पुनीत सागर अभियान आणि दर सप्टेंबरात तटरक्षक दल भरवत असलेला किनारा स्वच्छता दिन यांचे मोल येथे आहे. मात्र वर्षातून एकदा होणारी सफाई आणि रोज भरतीबरोबर येणारा कचरा यांतील अंतर अशा उपक्रमांनी भरून निघत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

लष्करी बळ संवर्धनाला किती उपयोगी पडू शकते, याचे देशातील सर्वांत ठळक उदाहरण ओडिशात आहे. तेथे गहीरमाथा आणि ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी ऑलिव्ह रिडले कासवे एकाच काळात लाखोंच्या संख्येने किनाऱ्यावर येतात. या सामूहिक आगमनाला अरिबाडा असे म्हणतात. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून तटरक्षक दल तेथे दर हंगामात ऑपरेशन ऑलिव्हिया राबवते, ज्यात जहाजे आणि विमाने गस्त घालून बंदी असलेल्या क्षेत्रात शिरणाऱ्या ट्रॉलरना अडवतात. या मोहिमेत आजवर ५,३८७ सागरी गस्ती आणि १,७६८ हवाई फेऱ्या झाल्याचे व ३६६ नौका ताब्यात घेतल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत एकट्या ऋषिकुल्येच्या मुखाशी सुमारे ६.९८ लाख कासवांनी अंडी घातली. जोडीला ट्रॉलच्या जाळ्यात कासव सुटण्यासाठीची चौकट बसवावी, जिच्या तिरप्या गजांमधून मासळी मागे जाते आणि कासव वरच्या झडपेतून बाहेर पडते, यासाठी मच्छीमारांचे प्रबोधनही केले जाते.

कोकणात हे प्रतिमान जसेच्या तसे चालत नाही. येथे कासवे एकेकटी येतात, एखाद्या रात्री एक, मग कित्येक रात्री एकही नाही, आणि ती कोणत्या गावाची वाळू निवडतील हे आधी सांगता येत नाही. त्यांच्यासाठी जहाज उभे करता येत नाही. माणूस उभा करावा लागतो. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे गावकऱ्यांच्या मदतीने जी पद्धत घडवली, ती पुढे वन विभागाच्या आधाराने सिंधुदुर्गापर्यंत पोहोचली. पहाटे किनारा चालणारा कासवमित्र मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचा दुहेरी माग ओळखतो, काठीने वाळूची मऊ जागा शोधतो आणि हाताने उकरून सुमारे दीड फूट खोलीवरची, मडक्याच्या आकाराची खळगी उघडतो. त्यातली शंभरेक अंडी एकेक करून, शक्यतो न फिरवता आणि काही तासांच्या आत, कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीच्या व तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवली जातात, कारण उशीर झाला किंवा अंडे उलटेपालटे झाले तर आतला गर्भ मरू शकतो. वाळूचे तापमानही महत्त्वाचे असते; त्यावरच पिल्ले नर होणार की मादी हे ठरते. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले वर येतात. या साऱ्या कामात यंत्र जवळपास काहीच नाही, आणि ज्या गावात पूर्वी कासवाची अंडी खाल्ली वा विकली जात, त्याच गावातील तरुण ते करतात.

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी वेळास व आंजर्ले येथील दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रे बसवली, त्यांना प्रथमा आणि सावनी अशी नावे दिली, आणि पुढील वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेल्याचे दिसले. म्हणजे कोकणातील वाळूत अंडी घालणाऱ्या कासवाचे आयुष्य अनेक दलांच्या गस्तीच्या टापूंतून जाते. समुद्रात दूरवर कासव वाचवण्याची मदार मात्र बहुधा मच्छीमाराच्या हातातील सुरीवरच असते. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात एक योजना आहे: जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा, अर्थात देवमाशासारखा प्रचंड दिसणारा पण निरुपद्रवी शार्क, जाळे कापून सोडून दिल्यास त्या जाळ्याची भरपाई म्हणून २५ हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते. गणवेश, गस्त, दंड यांतले काहीही नसलेली ही योजना या क्षेत्रातील सर्वांत शहाणी योजना म्हणावी लागेल, कारण तिने संवर्धनाचा खर्च एकट्या मच्छीमाराच्या खिशातून काढणे थांबवले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची लष्करी-नागरी जवळीक वेगळ्या कारणाने वाढली. गावोगावी सागर सुरक्षा दले नेमली गेली, सागरी पोलीस ठाणी बळकट झाली, सागर कवच या सरावात नौदल, तटरक्षक दल, पोलीस आणि मच्छीमार एकत्र येऊ लागले, आणि समुद्रावरची अनोळखी नौका प्रथम मच्छीमारालाच दिसते हे सर्वांनी मान्य केले. परंतु मालवणच्या पारंपरिक मच्छीमाराला रोज दिसणारी अनोळखी नौका बहुधा परराज्यातील हायस्पीड ट्रॉलर असते, किंवा एलईडी दिव्यांच्या झोतात मासळीचे थवे गोळा करणारी पर्ससीन नौका असते, जी मोठ्या गोल जाळ्याने अख्खा थवा एकाच वेळी उचलते. राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ मध्ये प्रखर दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. पण किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत अंमलबजावणी करायची ती मत्स्यव्यवसाय विभागाने, ज्याच्या हाताशी गस्तीची साधने तुटपुंजी आहेत. जो मच्छीमार देशाचे डोळे आणि कान म्हणून गौरवला जातो, त्याने दाखवलेल्या घुसखोरांवर कारवाई होत नसेल, तर भागीदारी हा शब्द त्याला पोकळ वाटणे स्वाभाविक आहे.

या पार्श्वभूमीवर गुलदारचे प्रकरण पाहावे लागते. आयएनएस गुलदार ही किनाऱ्याला टेकून रणगाडे आणि सैनिक उतरवणारी, सुमारे ८४ मीटर लांबीची युद्धनौका पोलंडमध्ये बांधली गेली, १९८५ मध्ये नौदलात आली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअर येथे कुंभीर व चीता या भगिनी नौकांसह निवृत्त झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवार येथे ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात देण्यात आली. सिंधुदुर्गाच्या समुद्रातील निवती रॉक्स या खडकांजवळ तिला समुद्रतळाशी बसवून पाण्याखालील संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याच्या या प्रकल्पासाठी केंद्र सरकारने ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले. याच परिसरासाठी यापूर्वी आयएनएस विराटचा विचार झाला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्या विमानवाहू नौकेचे संग्रहालय करण्यासाठी ८५२ कोटींचा आराखडा मंजूर केला, पण तो प्रत्यक्षात आला नाही आणि २०२० मध्ये विराट तोडणीसाठी अलंगला गेली. त्या तुलनेत गुलदारची योजना आटोपशीर आहे, आणि तारकर्ली येथे महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था असल्याने पाणबुड्यांचे मनुष्यबळही जवळच आहे.

बुडवलेल्या जहाजावर जीवसृष्टी वसते हे खरे आहे. वाळूच्या सपाट तळावर टणक पृष्ठभाग मिळताच प्रथम जिवाणू आणि शेवाळ, मग शिंपले, स्पंज आणि मृदू प्रवाळ बसतात, आणि पाठोपाठ कपारी शोधणारे गोबरा, तांबोशी यांसारखे मासे येतात. परंतु मासे तेथे नव्याने वाढतात की आसपासच्या खडकांवरचे मासेच गोळा होतात, यावर सागरी जीवशास्त्रात चार दशके वाद आहे. दुसरे उत्तर खरे असेल तर अशी जागा माशांसाठी सापळा ठरते. दुसरा मुद्दा विषाचा. अमेरिकेने १७ मे २००६ रोजी फ्लोरिडाजवळ यूएसएस ओरिस्कनी ही सुमारे २७० मीटर लांबीची विमानवाहू नौका बुडवली, तेव्हा जुन्या विद्युत केबलींच्या आवरणातील पीसीबी, म्हणजे चरबीत साठून अन्नसाखळीत वर सरकणारी क्लोरीनयुक्त रसायने, यांवरून पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रदीर्घ परीक्षण केले आणि नौका तळाशी गेल्यावरही राज्याच्या मत्स्य विभागाने तेथील माशांचे नमुने वर्षानुवर्षे तपासले. नौदलाने नौका देणे हा अशा भागीदारीचा सर्वांत सोपा भाग असतो. पुढची पंधरा-वीस वर्षे पाण्याचे आणि मासळीचे नमुने कोण घेणार, ते कोणत्या प्रयोगशाळेत जाणार आणि निष्कर्ष मराठीत किनाऱ्यावर लावले जाणार का, हा अवघड भाग आहे. शेजारच्या वेंगुर्ला रॉक्सवरील गुहेत पाकोळ्यांची जुनी वसाहत आहे, जिच्या घरट्यांची चोरी रोखण्यासाठी पक्षिमित्रांना झगडावे लागले. पर्यटकांच्या होड्या वाढल्यावर तिचे काय होईल, याचाही हिशोब या प्रकल्पाच्या करारात असायला हवा.

सिंधुदुर्गाने संमतीविना आखलेल्या योजनांचा अनुभव दोनदा घेतला आहे. एप्रिल १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले, २९.१२ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राचा गाभा सिंधुदुर्ग आणि पद्मगड या किल्ल्यांभोवती आहे. हेतू उत्तम होता, पण आपल्या पिढीजात मासेमारीवर गदा येईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला जो विरोध केला, त्यामुळे अभयारण्य दीर्घकाळ बरेचसे कागदावरच राहिले. पुढे वायंगणी-तोंडवली परिसरात १,३०० एकरांहून अधिक जमिनीवर सी-वर्ल्ड हा पर्यटन प्रकल्प आखला गेला आणि गावकऱ्यांच्या विरोधानंतर त्याचा आकार कमी करण्याची भाषा सुरू झाली. पहिली योजना संवर्धनाची होती, दुसरी पर्यटनाची; दोन्हींत गावाला विचारण्याआधी नकाशा तयार होता.

गुलदारच्या बाबतीत विचारायचा पहिला प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. पोलादी सांगाड्यात जाळी अडकतात, तुटलेली जाळी तेथेच राहून वर्षानुवर्षे मासे मारत राहतात आणि जाळे गमावणाऱ्या होडीचे हजारो रुपयांचे नुकसान होते. म्हणून सांगाड्यापासून किती अंतरापर्यंत जाळे टाकायचे नाही, गळाने मासेमारी करता येईल का, अडकलेली जाळी काढण्यासाठी पाणबुडे कोण पाठवील आणि पर्यटनाच्या उत्पन्नातून निवती, भोगवे, मालवण येथील मच्छीमार सहकारी संस्थांना वाटा मिळेल का, हे सारे नौका तळाशी जाण्यापूर्वी त्या संस्थांसमोर बसून ठरवावे लागेल. त्याचबरोबर आज त्या जागेवर कोणती मासळी किती सापडते, याची नोंद त्यांच्याच पकडीवरून घ्यावी लागेल, कारण नंतर तुलना करण्यासाठी तीच एक मोजपट्टी उरणार आहे.