नवोदय : निवासी शाळेतली कलेची शिदोरी

● सुरुवात : १९८५-८६मध्ये देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं उघडली, एक हरियाणात झज्जरला, दुसरं आपल्या अमरावतीला.

● मराठवाड्यात : लातूर जिल्ह्याचं नवोदय लातूरला, नांदेडचं बिलोली तालुक्यात शंकरनगरला.

● प्रवेश : सहावीत, निवड परीक्षेतून. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. राहणं-जेवण मोफत.

● कला : संगीत आणि चित्रकलेला स्वतंत्र शिक्षक. पेटी-तबल्याला पहिल्यांदा हात लागतो तो अनेकांचा इथेच.

● देवाणघेवाण : नववीत ३० टक्क्यांपर्यंत मुलं वर्षभरासाठी हिंदी-अहिंदी प्रांतांत जातात-येतात, सोबत गाणी, नाचही येतात.

पालकांनो, भेटीच्या दिवशी डब्याबरोबर एक रंगपेटीही न्या.