थट्टा की छळ?

समजा, वर्गात मराठीचा धडा वाचताना तुम्ही 'फळा'ऐवजी 'फला' म्हणालात. उर्दूत 'ळ' हे अक्षर नाही, त्यामुळे असे होणे साहजिक आहे. वर्ग हसला, तुम्हीही हसलात. गोष्ट तिथेच संपली.

पण समजा, कुणीतरी ते गुपचूप मोबाइलवर टिपले. संध्याकाळी ती चित्रफीत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. एकाने हसरे चेहरे पाठवले, दुसऱ्याने तुमचे नावच 'फला' ठेवले, तिसऱ्याने ती दुसऱ्या ग्रुपवर धाडली. दोन दिवसांत सारा मोहल्ला तुम्हांला त्याच नावाने हाक मारू लागला. ही आता थट्टा राहिली नाही. हा ऑनलाइन छळ झाला.

दोन्हींतला फरक सोपा आहे. थट्टेत सगळे हसतात. छळात एक रडतो आणि बाकीचे हसतात. 'पुरे' म्हटल्यावर थट्टा थांबते, छळ थांबत नाही. एखाद्याच्या नावाने खोटे खाते उघडणे, फोटोत फेरफार करणे, अफवा पसरवणे, धमकी देणे, मुद्दाम ग्रुपमधून वगळणे, हे सारे छळाचेच प्रकार आहेत.

पूर्वी शाळा सुटली, की चिडवणेही सुटत असे. मोबाइल मात्र रात्री उशाशी असतो. शिवाय चिडवणाऱ्याला समोरच्याच्या डोळ्यांतले पाणी दिसत नाही. म्हणून त्याची जीभ अधिकच सैल सुटते.

असे झाले तर काय कराल? पहिली गोष्ट, रागाच्या भरात उत्तर देऊ नका. त्याने आगीत तेल ओतल्यासारखे होते. दुसरी, संदेश पुसण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. तो पुरावा असतो. तिसरी, त्या व्यक्तीला ब्लॉक करा आणि ॲपमध्येच तक्रार नोंदवा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, अम्मी-अब्बांना किंवा शिक्षकांना सांगा. 'मोबाइल काढून घेतील' या भीतीने पुष्कळ मुले गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचा फायदा फक्त छळणाऱ्याला होतो. घरी सांगणे जमत नसेल, तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. मुलांसाठीची ही मोफत सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली. आज ती देशभर आहे. धमकी किंवा खाजगी फोटोचा प्रश्न असेल, तर मोठ्यांना बरोबर घेऊन पोलिसांकडे जा.

पण छळणारा एकटा काय करणार? त्याला बळ मिळते ते बघ्यांमुळे. २००७ साली कॅनडातील एका शाळेत गुलाबी शर्ट घातला म्हणून एका मुलाला त्रास दिला गेला. वरच्या वर्गातील दोन मुलांनी पन्नास गुलाबी शर्ट विकत आणले आणि इंटरनेटवरून मित्रांना निरोप धाडले. दुसऱ्या दिवशी शाळेत जिकडेतिकडे गुलाबी रंग दिसू लागला. चिडवणाऱ्यांची तोंडे बंद झाली.

मित्रांनो, कुणाची फजिती करणारा संदेश तुमच्याकडे आला, तर तो पुढे पाठवू नका. ज्याच्याविषयी तो आहे, त्यालाच एक ओळ लिहा : 'मी तुझ्यासोबत आहे.'

शब्दार्थ
साहजिक – स्वाभाविक
फेरफार – बदल
बघे – नुसते पाहत राहणारे लोक
फजिती – लाजिरवाणी अवस्था

प्रश्न
१. थट्टा आणि छळ यांत कोणता फरक आहे?
२. संदेश पुसण्याआधी काय करावे? का?
३. बघ्यांनी ठरवले, तर छळ कसा थांबू शकतो? पाच-सहा वाक्यांत लिहा.