कोंबडीची गाठ आणि आपलं जनुक

कॅन्सरविषयी कितीही वाचलं तरी मी फिरून एका कोंबडीपाशीच येतो. प्लायमाउथ रॉक जातीची, छातीत गाठ असलेली ही कोंबडी १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस या तरुण डॉक्टरकडे आली. त्यानं गाठ वाटून, एकही पेशी पलीकडे जाणार नाही अशा गाळणीतून अर्क काढला आणि तो दुसऱ्या कोंबड्यांना टोचला. त्यांनाही गाठी आल्या. विषाणूनं कॅन्सर होतो, हे त्यानं १९११ मध्ये छापलं. पण ते मनावर घ्यायला फारसं कुणी तयार नव्हतं. नोबेल मिळालं ते १९६६ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी!

तंबाखू, किरणोत्सर्ग, काही रसायनं यांनी डीएनएत बिघाड होतो, पेशीविभाजनाला आवर घालणारी जनुकं निकामी होतात, असे बिघाड साचत जाऊन पेशी बेबंद वाढते, हे आता शाळेतही शिकवतात. त्यात मी रेंगाळत नाही.

राऊसच्या विषाणूतलं कॅन्सर घडवणारं जनुक म्हणजे ‘सार्क’. स्टीव्ह मार्टिन यांना १९७० मध्ये या विषाणूचा एक विलक्षण वाण सापडला. तापमान चढवलं की बिघडलेल्या पेशी ताळ्यावर येत, उतरवलं की पुन्हा बिघडत. विषाणूची स्वतःची वाढ मात्र दोन्हीकडे बिनबोभाट चाले. मग ज्याचा स्वतःला उपयोग नाही असं जनुक विषाणू बाळगतो कशाला?

उत्तर १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मिळालं. मायकल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेत डॉमिनिक स्टेहेलिन यांनी फक्त सार्कलाच चिकटेल असा किरणोत्सारी डीएनए बनवला. तो निरोगी कोंबडीच्या डीएनएला चिकटला. लावा, टर्की, बदक, एवढंच काय, एमूच्या डीएनएलाही! म्हणजे जनुक मुळात पेशीचंच; विषाणूनं ते उचललं होतं. १९८९ चं नोबेल बिशप-व्हार्मसना मिळालं. तिसरी जागा मोकळी असताना स्टेहेलिन यांना वगळलं, हा मला आजही अन्याय वाटतो.

आपल्याकडे परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये कमल रणदिवे उंदरांच्या स्तनकर्करोगात विषाणू, अनुवंश आणि संप्रेरकं यांचं नातं शोधत होत्या. त्याच संस्थेचा वारसा सांगणाऱ्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला होता. निरोगी पेशी शेजारणीला टेकली की थांबते, त्यामुळे त्यांचा एकच सपाट थर होतो. बिघडलेल्या पेशी एकमेकींवर चढून ढीग करतात. तेव्हापासून हे वेड वाढलंच.

सार्कचं प्रथिन दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतं. कुठं? १९७९ मध्ये साल्क संस्थेत टोनी हंटर यांनी अमिनो आम्लं वेगळी करायला लागणारं ताजं द्रावण बनवायच्या कंटाळ्यानं जुनंच पुन्हा वापरलं. त्याची आम्लता जरा वाढली होती, म्हणून एरवी एकत्र दिसणारे दोन ठिपके वेगळे झाले आणि फॉस्फेट चढतं ते टायरोसिन या अमिनो आम्लावर, हे उमगलं. प्रथिनाच्या शेपटाकडेही असंच एक टायरोसिन असतं. त्यावर फॉस्फेट बसलं की सार्क स्वतःला मिटून घेतं. विषाणूनं जनुक उचलताना नेमकं ते शेपूट गमावलं. मिटायची सोयच उरली नाही.

एबल नावाचं जनुकही असंच आधी उंदराच्या विषाणूत सापडलं. माणसात ९व्या आणि २२व्या गुणसूत्रांची अदलाबदल झाली की ते चुकीच्या शेजाऱ्याला जोडलं जातं आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर होतो. या जोडप्रथिनाची फॉस्फेट चढवण्याची जागा अडवणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला अमेरिकेत २००१ मध्ये मंजुरी मिळाली. आता असंख्य रुग्ण रोज एक गोळी घेऊन कामाला जातात.