सममूल्य अपूर्णांक : संख्यारेषेवर समजून घेऊया



"१/२ मोठा की ४/८?" असं पाचवीच्या वर्गात विचारा. बरीच मुलं ४/८ म्हणतील, कारण आकडे मोठे दिसतात. "अंश आणि छेदाला एकाच संख्येने गुणा" हा नियम पाठ असतो, पण तसं का करायचं हे माहीत नसतं. पुढे भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज आली की मूल इथेच अडतं. म्हणून नियमाआधी संख्यारेषा घ्यावी.

आपल्या शहरातला जालना रोड घेऊ. क्रांती चौक म्हणजे ० आणि सिडको बसस्टँड म्हणजे १. फळ्यावर किंवा वहीत २४ सेंमीची रेषा काढा.

१) रेषेचे २ समान भाग करा. १/२ ची खूण १२ सेंमीवर येते.
२) त्याच रेषेचे ४ भाग करा. २/४ सुद्धा १२ सेंमीवरच!
३) आता ८ भाग करा. ४/८ कुठे? पुन्हा १२ सेंमीवर.

मुलांना विचारा, "रिक्षा पुढे गेली का?" रिक्षा जागची हललीच नाही, फक्त रस्त्यावरच्या खुणा वाढल्या. प्रत्येक भागाचे दोन तुकडे केले की एकूण भाग दुप्पट होतात आणि आपण पार केलेले भागही दुप्पट होतात. म्हणून अंश-छेद दोघांना एकाच संख्येने गुणायचं. एकाच बिंदूची ही वेगवेगळी नावं, म्हणजेच सममूल्य अपूर्णांक.

काही मुलं गुणण्याऐवजी मिळवतात : १/२ मध्ये वर-खाली १ मिळवून २/३. त्यांना नुसतं "चूक" म्हणू नका, रेषेवर दाखवायला सांगा. २/३ येतो १६ सेंमीवर. बिंदूच बदलला!

दोन गोष्टी सांभाळा. मुलं ० ची रेघही मोजतात. रेघा नाही, मधली अंतरं मोजायला लावा. दुसरं, वाटेत मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल लागतात, म्हणून कोणी मोंढा नाक्याला १/४ म्हणेल. पण ही ठिकाणं सारख्या अंतरावर नाहीत. भाग समान नसतील तर ते चार भाग असूनही चतुर्थांश होत नाहीत. ही चर्चा वर्गात जरूर होऊ द्या.

पालकांनो, घरी कागदाची पट्टी घडी घालूनही हे जमतं. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द मुलं रोज ऐकतात. "पाऊण म्हणजे ३/४, मग आठ भागांत किती?" असं विचारा. १८ सेंमीवर बोट ठेवून मूल स्वतः "६/८" म्हणालं, की मगच नियम सांगा.