अर्जाच्या चौकटीत किती मराठी मावते?

बेळगाव-निपाणीकडे मराठीतून अर्ज करण्याचा विषय निघाला की तो १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून सुरू होतो आणि २००४पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या दाव्यापाशी येऊन अडतो. राज्यघटनेचे कलम ३५० मात्र त्या दाव्याच्या निकालासाठी थांबलेले नाही. केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना तिथे वापरात असलेली कोणतीही भाषा चालते, असे ते सांगते. कागदाच्या काळात कोऱ्या फुलस्केपने कधी भाषा विचारली नाही. आता अर्ज संगणकावर भरायचा, आणि समोर येते ‘तक्रारीचा तपशील’ अशी पाटी लावलेली चौकट. तिथे मराठी अडली की संशय राजकारणावर जातो. पण बऱ्याचदा दोष फॉर्म बनवणाऱ्याच्या आळसाचा असतो.

या चौकटीचे तांत्रिक नाव टेक्स्टएरिया. १९९५च्या एचटीएमएल २.० मध्येही ती होती. नाव-गावाचा रकाना एका ओळीचा असतो. टेक्स्टएरियात एंटर दाबले की नवी ओळ मिळते, म्हणून अर्जाचा मजकूर तिच्यातच लिहायचा. मुळात ती भाषेबाबत अगदी उदासीन आहे. पान यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत असेल तर मराठी, कन्नड, उर्दू सारे तिला सारखेच. ‘फक्त इंग्रजी अक्षरे व आकडे’ ही अट कुणीतरी मुद्दाम लिहावी लागते, आणि बहुतेकदा ती दुसऱ्या फॉर्मवरून जशीच्या तशी उचललेली असते.

मजकुराच्या लांबीवरील मर्यादेचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. अधिकाऱ्यालाही वाचायचे असते, त्यामुळे मर्यादा हवीच, हा आक्षेप रास्त आहे. केंद्राच्या माहिती अधिकाराच्या ऑनलाइन अर्जातही मजकूर ३००० वर्णांत बसवावा लागतो. प्रश्न आहे तो मोजायचे काय, हा. ‘क्षेत्र’ या शब्दात आपल्याला दोन अक्षरे दिसतात; ब्राउझर मात्र क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र अशी सात मोजतो. यावर कुणी म्हणेल, इंग्रजी शब्दांनाही पाच-सहा अक्षरे लागतातच, मग अन्याय कसला? इथपर्यंत तो फारसा नाहीच. खरी काट पुढे बसते. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. मागच्या डेटाबेसात ४००० बाइटांचा रकाना असेल तर इंग्रजीला ४००० अक्षरे मिळतात आणि मराठीला १३३३ चिन्हे. वर चौकट सगळे आनंदाने लिहून घेते. ‘पाठवा’ दाबल्यावर एखाद्या ठिकाणी नुसती ‘त्रुटी’ येते, एखाद्या ठिकाणी शेपूट गुपचूप छाटले जाते. अर्जाची मागणी तर शेवटीच लिहिलेली असते.

मग अर्ज हाताने लिहून, स्कॅन करून जोडावा, हा सल्ला हमखास मिळतो. अडीनडीला तो उपयोगी आहे. पण स्कॅन म्हणजे संगणकाच्या लेखी चित्र. त्यात सर्व्हे नंबर टाकून शोधता येत नाही, मजकूर उचलून पुढच्या टेबलाकडे पाठवता येत नाही. टंकलेल्या अर्जाशेजारी तो मागेच पडतो.

मजकूर पूर्ण पोहोचला तरी एक खोडी उरते. जमिनीच्या उताऱ्यावर सीमेच्या कर्नाटक बाजूला एकर-गुंठे असतात, महाराष्ट्र बाजूला हेक्टर-आर. कर्नाटक बाजूचा शेतकरी सर्व्हे नंबर आणि त्याचे एकर-गुंठे ओळीखाली ओळ लिहितो: ४२/१, खाली १-२०, मग ४३/२, खाली ०-३५. टेक्स्टएरिया ही ओळमोड इमानाने पाठवते. पण तोच मजकूर अधिकाऱ्याच्या पडद्यावर साध्या परिच्छेदात दाखवला की ब्राउझर ओळमोडीच्या जागी नुसती मोकळी जागा ठेवतो, आणि ‘४२/१ १-२० ४३/२ ०-३५’ अशी आकड्यांची माळ होते. कुठला गुंठा कुठल्या नंबरचा, हे मग ताडून पाहावे लागते. दाखवणाऱ्या पानाच्या शैलीत ‘प्री-रॅप’ एवढी एक सूचना लिहिली की प्रत्येक नंबर पुन्हा आपापल्या ओळीवर जाऊन बसतो.