रेडॉनचा हिशोब : न दिसणाऱ्या धोक्यावर किती खर्च करायचा?

या व्हिडिओत खर्च आणि फायद्याचा हिशोब शिकवताना मी अमेरिकेतल्या रेडॉनचं उदाहरण दिलं. तिथे आकडे भरभर सांगितले, म्हणून इथे नीट मांडतो. वही-पेन घ्या.

रेडॉन म्हणजे काय?

जमिनीतल्या युरेनियमपासून हळूहळू तयार होणारा किरणोत्सारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही. तळघराच्या आणि जोत्याच्या भेगांतून तो घरात शिरतो आणि बंद घरात साचतो. वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो.

१९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अणुवीज प्रकल्पावरचे इंजिनीअर स्टॅन्ली वॉट्रस कामावर *येताना* किरणोत्साराचा अलार्म वाजला. प्रकल्पात तेव्हा इंधनही नव्हतं. रेडॉन त्यांच्या घरातून येत होता!

उपाय आणि खर्च

जोत्याखाली पाइप घालायचा, पंख्याने वायू ओढायचा आणि छपराच्या वर सोडून द्यायचा. एका घराला साधारण १,५०० डॉलर धरा. शिवाय पंख्याची वीज, आणि काही वर्षांनी नवा पंखा. घर बांधतानाच पाइप टाकला तर काम बरंच स्वस्तात होतं.

आता हिशोब

तिथली पर्यावरण संस्था ईपीए सांगते की हवेत ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा जास्त रेडॉन असेल तर उपाय कराच. अशी घरं १५ पैकी साधारण १. म्हणजे एक घर सापडायला १५ घरं तपासावी लागणार. २० डॉलरचं किट धरलं तर शोधण्याचाच खर्च ३०० डॉलर. नवखा माणूस नेमका हाच खर्च विसरतो!

म्हणजे एका घरामागे १,८०० डॉलर. समजा अशा ४०० घरांत मिळून १,००० माणसं राहतात. एकूण खर्च ७ लाख २० हजार डॉलर.

आता फायदा. आयुष्यभर ४ च्या पातळीत राहिलं तर ईपीएच्या अंदाजाने १,००० पैकी इतक्या जणांना फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो :

- धूम्रपान करणारे : ६२. पातळी २ वर आणली तर ३२. वाचले ३०.
- कधीच न करणारे : ७. पातळी २ वर आणली तर ४. वाचले ३.

भागाकार करा. पहिल्या गटात एका माणसामागे २४ हजार डॉलर, दुसऱ्या गटात २ लाख ४० हजार. पाइप तोच, पंखा तोच, पण फायदा दहापट वेगळा.

मग दुसऱ्या गटाने खर्च करू नये का? करावा. अमेरिकेतली सरकारी खाती नियम ठरवताना एका जिवाची किंमत कित्येक दशलक्ष डॉलर धरतात. त्या मानाने हा खर्च थोडाच आहे. पण पहिल्या गटाला सगळ्यात मोठा फायदा सिगारेट सोडण्यातच आहे, हे पाइप बसवणाऱ्यानेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आपण काय शिकायचं?

लगेच रेडॉनचा धंदा काढू नका! पण वॉटर प्युरिफायर, वाळवीचं औषध, वॉटरप्रूफिंग अशी कामं करणार असाल तर हे लिहून ठेवा :

१. आधी मोजा, मग विका. ज्या १४ घरांना गरज नाही, त्यांना "तुम्हाला नको" म्हणा. तेच उद्या तुमचं नाव चार जणांना सांगतील.

२. काम झाल्यावर पुन्हा मोजा. टळलेला आजार गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. त्याच्या हातात फक्त आधीचा आणि नंतरचा आकडा असतो.

३. मोजणारा वेगळा असू द्या. तपासणी दुरुस्तीवाल्याशी संबंध नसलेल्याकडून करून घेणं बरं, असं ईपीएही सुचवते. आपलाच काटा आणि आपलाच माल, मग गिऱ्हाईक शंका घेणारच.

भीती दाखवून एकदा माल खपतो. आकडा दाखवला की गिऱ्हाईक परत येतं.

आता तुमच्या धंद्याचा असाच हिशोब वहीत मांडा. शोधण्याचा खर्च धरायला विसरू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत!